खऱ्या रडण्याची खूण

खरं रडू येतं तेव्हा आधी नाक वाहतं, डोळे मागाहून. बनाबाईला हे सहाव्या वर्षापासून ठाऊक होतं, कारण सहाव्या वर्षी ती कोल्हापूरच्या स्टुडिओत रडायच्या कामावर होती. ग्लिसरीन घातलं की दोन्ही डोळ्यांतून एकदम सारखी धार लागते, पण नाक कोरडं ठणठणीत राहतं. कॅमेऱ्याला ते कळत नाही, बघणाऱ्यालाही नाही. ज्यानं रडायचं काम केलंय त्याला तेवढं कळतं.

म्हणून त्या रविवारी शिवाजी पेठेतल्या तालमीच्या वरच्या हॉलमध्ये सगळे टाळ्या वाजवत असताना बनाबाई एकटी गप्प बसून होती. पडद्यावर तिची नात संयोगिता बर्फात गुडघे टेकून रडत होती. तिचं नाक वाहत होतं. गळ्यावर लाल चट्टे उठले होते. मेकअपवाल्याच्या बापाला असले चट्टे जमले नसते.

"काय पोरगी हाय राव!" सम्राट ओरडला. तो तालमीचा अध्यक्ष. कॅनडातली मालिका पडद्यावर आणायची सगळी खटपट त्याचीच. "बनाकाकू, फुटबॉलची फायनल मारल्यागत वाटालंय बगा!"

शेजारची तानाबाई डोळ्याला पदर लावून म्हणाली, "इंग्रजी एक अक्षर कळंना, पण काळीज हाललं की गं. मेलंय कोण तिचं?"

"मालिकेतली आई," सम्राट म्हणाला.

"न्हाय," बनाबाई म्हणाली. "त्या आईसाठी न्हाय रडत ती."

"मग कुणासाठी?"

ते बनाबाईला माहीत नव्हतं. आणि माहीत नाही म्हणूनच तिनं टाळी वाजवली नव्हती.

संयोगिता जन्मली ती व्हँकुव्हरला. बनाबाईची एकुलती लेक स्वप्नाली लग्न करून तिकडं गेलेली. जावई ऋतुराज पूल बांधायच्या कंपनीत. पोरगी आठ वर्षांची असताना शाळेच्या नाटकात कुणीतरी तिला हेरलं आणि दुधात भिजवून खायच्या कसल्याशा लाह्यांच्या जाहिरातीत घेतलं. त्यात तिला फक्त हसायचं होतं. पुढचे दोन दात पडलेले, तरी ती मनापासून हसली होती. बनाबाईचे मालक, म्हणजे पोरीचे आजोबा गणपतराव, तेव्हा रिटायर झालेले होते, पण ती जाहिरात दाखवायला मुद्दाम उद्यमनगरात आपल्या जुन्या कारखान्यात गेले, आणि लेथवरच्या माणसांना काम थांबवून बघायला लावली.

मग एका सिनेमात छोटं काम. त्यात पहिल्यांदा रडायचं होतं. मग दुसरा सिनेमा, आणि बाराव्या वर्षी ही मालिका. बर्फातलं एक गाव, तिथं एक भारतीय डॉक्टरीण, आणि तिची मुलगी म्हणजे आपली संयू. पाच वर्षं झाली, मालिका चालूच होती. तिकडच्या मासिकांवर फोटो आले, एक बक्षीस मिळालं, आणि इकडं पेठेत कोपऱ्यावर डिजिटल बोर्ड लागला, 'पेठेची नात, कॅनडाची स्टार'.

त्या पाच वर्षांत तिचं हसणं कमी होत गेलं आणि रडणं वाढत गेलं. हे फक्त बनाबाईच्या ध्यानात आलं. जो चांगला रडतो त्याला रडायलाच देतात. बनाबाईचंही तसंच झालं होतं.

आणि गणपतराव गेले तेव्हाची गोष्ट. गेल्या माघात, सकाळी चहा पिता पिता गेले. बाहेरच्या खोलीत, जिथली फरशी फुटलीय तिथं, चटईवर त्यांना ठेवलं होतं. स्वप्नालीला एवढ्यात पोचणं शक्य नव्हतं, म्हणून सम्राटनं मोबाइल हातात धरून तिला शेवटचं दर्शन घडवलं. स्वप्नालीनं हंबरडा फोडला. तिच्या शेजारी संयोगिता उभी होती. सुट्टीत आली की आजोबांबरोबर गल्लीत फुटबॉल खेळणारी, 'आजोबा चीटिंग न्हाय करायची' म्हणून भांडणारी. ती भिंतीकडं बघावं तशी बघत राहिली. डोळ्यांत टिपूस नाही.

"परद्यावर धो धो, आणि आज्ज्यासाठी कोरडी!" जमलेल्या बायकांत चिमणाबाई म्हणाली, चांगली सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "कॅनडाचं पाणी!"

बनाबाईला राग आला नाही. भीती वाटली. कारण तसलं कोरडेपण तिनं स्वतः भोगलं होतं.

बनाबाई सहा वर्षांची असतानाची गोष्ट. एका सिनेमात हरवलेल्या पोरीचं काम होतं. ग्लिसरीननं तिचे डोळे सुजले, तेव्हा दिग्दर्शक तिच्यापुढं उकिडवा बसला आणि म्हणाला, "बने, तुझी आई गेली बघ. मोटारीखाली आली. आता कधीच येणार नाही." बना रडली. नाक वाहिलं, चट्टे उठले, उलटी झाली. तसं पाच वेळा घेतलं. दर वेळी तोच माणूस तेच सांगायचा आणि दर वेळी तिला वाटायचं, मघाशी खोटं असंल, आता खरंच गेली. आणि आई कुठं होती? दिव्यांच्या मागं कापड लावलेला बोर्ड होता, त्याच्या पलीकडं. सगळं ऐकत होती. संध्याकाळी बाहेर आली, बनाला कडेवर घेतलं, बालूशाही खाऊ घातली. बोलली मात्र काहीच नाही, आणि पुढं मरेपर्यंत त्या दिवसाबद्दल बोलली नाही. घरात चार पोरं होती आणि बाप नव्हता, एवढं बनाबाईला मोठेपणी कळलं. त्यानंतरही ती चार-पाच सिनेमांत रडली, एकात तर मेलेलं पोर झाली. श्वास घशातच धरायचा, पोट हलू द्यायचं नाही, 'कट' म्हटल्याशिवाय पापणी हलवायची नाही. अकराव्या वर्षी उंची वाढली आणि स्टुडिओनं बोलावणं बंद केलं.

पुढं वीसेक वर्षांनी आई खरंच गेली. तेव्हा बनाबाईला रडूच येईना. बायकांनी चिमटे काढले, "रड गं, छातीत बसंल," म्हणून पाठीत धपके घातले. काही उपयोग झाला नाही. आईसाठीचं सगळं रडणं ती सहाव्या वर्षीच रडून बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बनाबाईनं स्वप्नालीला फोन लावला.

"स्वप्ना, पोरीला काय सांगून रडवत्यात गं तितं?"

"आई, काहीही काय! इथं कायदे आहेत. मुलांना कुणी खोटं सांगत नाही, ओरडत नाही. मुलांवर लक्ष ठेवायला एक बाई कायम असते, मी असते. ॲक्टिंग आहे ती."

"ती ॲक्टिंग न्हाय. नाक बघ तिचं."

"आई!"

"मी सांगालो ते ऐक. तिला काढ त्यातनं. तिच्यातलं पाणी संपालंय."

स्वप्नाली म्हणाली, "महिन्याभरात पुढच्या तीन वर्षांच्या कराराचं ठरवायचंय. तिनं नको म्हटलं तर मी एका शब्दानं अडवणार नाही. पण ती नको म्हणतच नाही. मी विचारलंय, आई. खरंच विचारलंय."

सात समुद्रांपलीकडं हात पोचत नव्हता. ती अंबाबाईची ओटी भरायचं बोलली, आणि पोर स्वतःहून फोन करायची वाट बघत बसली. एरवी संयू रविवारी फोन करायची. तो रविवार गेला. पुढचाही गेला.

तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी, सकाळी आठला मोबाइल वाजला. चेहरा आला तो मेकअप केलेला. मागं आरसा होता आणि आरशाभोवती बल्बांची माळ. साठ वर्षांत तेवढं एक बदललेलं नाही, बनाबाईच्या मनात आलं.

"आज्जी, काय करालीस?"

"तुझीच वाट बघालो गं बाई. शूटिंगला हाईस व्हय? जेवलीस?"

"व्हय. इथं संध्याकाळ आहे. तासाभरात सीन आहे." मराठी आजी-आजोबांकडून शिकलेली, त्यामुळं तिचं न्हाय आणि व्हय पक्कं कोल्हापुरी, पण बोलणं कॅनडाच्या जिभेचं. "आज्जी, तू रागावणार न्हाय ना?"

"सांग की."

"मी रडताना तुला मारते."

बनाबाई कॉटवर टेकली.

"म्हणजे डोक्यात. तू गेलीस असं बघते, मग रडू येतं. दहा वर्षांची असल्यापासून. आधी आजोबांना पण मारायचे. कधी तू, कधी आजोबा. मग आजोबा खरंच गेले, मी फोनवर बघितलं, आणि मला वाटलं, हे मी बघितलंय. खूप वेळा बघितलंय. मला काही झालंच न्हाय, आज्जी. मी बॅड आहे का?"

"न्हाय गं माझ्या सोन्या. न्हाय." बनाबाई म्हणाली. "कुणी शिकवलं तुला असलं?"

"कुणी न्हाय. ॲक्टिंगची टीचर म्हणाली, तुझं सगळ्यात आवडतं माणूस आठव. मी तुला आठवलं."

कुणाला शिवी द्यावी म्हटलं तर समोर कुणी नव्हतं. त्या उकिडव्या बसलेल्या माणसावर तिनं सगळा जन्म दात खाल्ले होते. इथं तसा कुणी माणूसही नव्हता.

"आता तू पण चालेनास," संयू म्हणाली. "मी डोळे मिटते, तुला मारते, काहीच होत न्हाय. काल दोन तास सगळे थांबले माझ्यासाठी. बर्फात. कुणी काही बोललं न्हाय, सगळे खूप चांगले आहेत."

"मग सोड की गं! काय अडलंय? हिकडं ये. कालेजात जा. तुज्या आज्ज्याचा फुटबॉल पडलाय हितं, खेळ."

"सोडून काय करू, आज्जी? मला दुसरं काय येतं?"

बनाबाईनं तरी कुठं सोडलं होतं? स्टुडिओनं तिला सोडलं होतं.

"आज्जी, तू जरा झोपशील? डोळे मिटून. एकच मिनिट. मी नुसतं बघते. प्लीज."

नाही म्हणायला हवं होतं. फोन ठेवून द्यायला हवा होता. पण आरशाभोवतीच्या बल्बांच्या उजेडात ते सतरा वर्षांचं तोंड इतकं कोरडं दिसत होतं, की बनाबाईच्या मनात भलताच विचार शिरला. निदान बघावं तरी, तळाशी काही शिल्लक हाय का न्हाय.

ती कॉटवर आडवी व्हायला गेली आणि थांबली. कॉटवर पडलेली म्हातारी झोपलेलीच दिसते. खाली घ्यायला पाहिजे. तिनं चटई काढली, फुटक्या फरशीवर अंथरली, मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. गुडघे कुरकुरले. चष्मा काढला. पदर हनुवटीपर्यंत ओढून घेतला, हात सरळ ठेवले. जिथं गणपतराव होते तिथंच.

"दिसालो का?" तिनं विचारलं.

"थोडी डावीकडं, आज्जी."

ती सरकली. डोळे मिटले. श्वास घशात धरला. पोट हलू दिलं नाही. साठ वर्षं झाली तरी शरीर विसरलं नव्हतं.

मोबाइलमधून काही ऐकू येईना. कुठंतरी लांब माणसं इंग्रजीत बोलत होती. बनाबाई मनात आकडे मोजत होती. पंधरा. वीस. सूं सूं नाही, हुंदका नाही. पोरगी नुसतीच बघत होती. भिंतीकडं बघावं तशी. आटलं, बनाबाईला वाटलं. संपलं सगळं.

तेवढ्यात दार ढकललं गेलं. तानाबाई सकाळच्या चहाला यायची, रोजच. आज ती उंबऱ्यातच थबकली. फुटकी फरशी, चटई, वर पदर, आणि पोट हलत नाही.

"आगं बाई गंऽऽ! बने! बने गंऽऽ! गेलीस गं मला टाकून!"

तानाबाईचा आवाज म्हणजे गल्लीच्या दोन्ही टोकांना पोचणारा. तिच्या हातातलं भांडं खणकन पडलं. आणि त्या आवाजामागोमाग मोबाइलमधून एक किंकाळी आली.

"आज्जी! आज्जी! मम्मा! आज्जी!"

आधी नाकाचा आवाज आला. सूं. मग हुंदका, मग ते पोटातून येणारं, लहान पोराला उलटी होताना येतं तसं.

बनाबाईला उठता येईना. अंगानं हुकूम ऐकायचाच सोडला होता. 'कट' कुणी म्हटलंच नव्हतं. शेवटी कसंबसं डोळे उघडून ती ओरडली, "हाय गं! हाय मी! संयू, हाय हितंच! ताने, गप की बये!"

तानाबाईनं छातीवर हात मारून घेतला.

चष्म्याशिवाय मोबाइलमधलं धूसर दिसत होतं, तरी तेवढं दिसलं. पोरीचं नाक वाहत होतं, गळ्यावर चट्टे उठले होते. आणि तिच्या मागं, मेकअपच्या व्हॅनच्या दारात, स्वप्नाली उभी होती. तोंडावर हात धरून. पुढं येत नव्हती, बोलत नव्हती. पहिल्यापासून तिथंच होती की काय कुणास ठाऊक. बनाबाईला तिच्यावर ओरडायचं होतं. पण तिला एकदम तो कापड लावलेला बोर्ड दिसला, आणि त्याच्यामागं आता आपणही उभ्या आहोत असं वाटलं. मग ओरडणार कुणावर?

संयूनं नाक पुसलं नाही. चेहऱ्याला हातही लावला नाही, जपून, पेला भरून नेताना धरावा तसा तिनं तो धरला होता.

"मिळालं, आज्जी," ती हलक्या आवाजात म्हणाली. "थँक्यू. मी जाते. वाळेल न्हायतर."

पडदा काळा झाला.

"म्हातारपणी ह्यो कसला खेळ गं?" तानाबाई म्हणाली. "माजा जीव घ्याचा हुता व्हय? ऊठ. ऊठ आदी त्या जागेवरनं. आवदसा आठवली तुला!" तिनं बनाबाईच्या काखेत हात घालून तिला उचलायला बघितलं.

बनाबाईनं तिचा हात बाजूला केला. तांब्याला टेकवलेला मोबाइल तिनं पडल्या पडल्याच जरा सरळ केला.

"ऱ्हाऊ दे, ताने. उठीव नगंस," ती म्हणाली. "एका टेकात कदी भागत न्हाय त्येंचं."