माळ्याची धाकटी

मित्रांनो, मी एक म्हातारी क्वोल आहे. मांजरापेक्षा लहान, तपकिरी अंगावर पांढरे ठिपके आणि पोटाशी पिल्लांची पिशवी. अंधार पडला की मी उंदीर, किडे, पाखरं धरते. न्यू गिनीच्या उंच डोंगरात, जिथे धुकं झाडांवरच मुक्कामाला असतं, तिथे माझा जन्म झाला. आम्हांला आयुष्य मिळतं ते जेमतेम चार वर्षांचं. माझं चौथं चालू आहे आणि दात झिजले आहेत.

तरुणपणी मी यापुमे आजीच्या झोपडीच्या छपरात राहत असे. डोंगरकेवड्याची फळं पिकली की आजीचं कुटुंब डुकरांसह गावातून वर यायचं. फळं चुलीवरच्या माळ्यावर धुरात वाळत. त्यांवर उंदीर तुटून पडत आणि उंदरांवर मी. म्हणून आजी मला रानबोलीत एका नावाने हाक मारी. तुमच्या भाषेत सांगायचं तर ‘माळ्याची धाकटी’.

डोंगरावर ती माणसं गावची बोली बोलत नसत. डुकराला, चुलीला, पावसाला, सगळ्याला रानबोलीतला वेगळा शब्द. गावचा शब्द तोंडून निसटला तर फळांतल्या बियांचं पाणी होतं, असं ती मानत. काही तोडायचं, मारायचं झालं तर आधी ते रानबोलीत सांगावं लागे. सांगता आलं नाही तर करायचं नाही.

एका हंगामात आजीचा मुलगा रिंबू आला. बरीच वर्षं तो समुद्राकाठच्या शहरात होता. खाली गावात कोंबड्या नाहीशा होत होत्या आणि त्याचा संशय माझ्यावर. तिन्हीसांजेला त्याने मला जाळीच्या पिशवीत पकडलं. माझ्या पोटाशी तेव्हा चार पिल्लं होती.

“आई, ही ती... पंखवाली नेते,” तो अडखळत रानबोलीत म्हणाला. “हिला मी आता...”

“काय करणार? बोल की!”

“ते गं... तू सांग ना शब्द.”

“शहरात राहून जीभ गंजली वाटतं माझ्या लेकाची!”

त्याची बायको हसली. “डुकरांना हाक मारायला तरी येते का, विचारा त्यांना.”

“चेष्टा पुरे. आई, शब्द सांग.”

आजीने चुलीत लाकूड सारलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “म्हातारी झाले रे बाळा. विसरले.”

 रिंबूने जाळीची गाठ सोडली.

मित्रांनो, तो यायच्या आदल्याच दिवशी डुक्कर कापताना आजी तो शब्द मोठ्याने बोलली होती. मी छपरातून ऐकला होता.

पुढच्या हंगामात कुणीच आलं नाही. पिल्लं मोठी होऊन पांगली. या कड्यावर आता दुसऱ्या क्वोलचा वाससुद्धा येत नाही. चूल थंड, माळा रिकामा. उंदीरही निघून गेले.

यंदा रिंबू आणि त्याची बायको आली. आजी नव्हती. तिची पिशवी रिंबूने जुन्या खुंटीला टांगली. बायको काही बोलायला गेली, तर त्याने ओठांवर बोट ठेवलं. गावची बोली इथे चालत नाही आणि रानबोली दोघांना मोडकीतोडकीच येते; चुकून गावचा शब्द निसटायची भीती. म्हणून हंगाम संपेपर्यंत ती दोघं खुणांनीच वागली. माणसं असताना एवढी शांतता या घरात मी कधी ऐकली नव्हती.

उतरून जाताना रिंबू दारात थांबला, माळ्याकडे बघून एकच शब्द बोलला. उच्चार चुकला होता, पण ते माझं नाव होतं.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणा म्हाताऱ्या माणसापाशी असे शब्द असतील, तर ते माणूस चुलीपाशी बसलेलं आहे तोवरच विचारून घ्या. आजीचे सगळे शब्द मला पाठ आहेत. रिंबूने नाव घेतलं तेव्हा मलाही ओ द्यायची होती. पण माझ्या नरड्यातून फक्त फिस्कारणं निघालं.