चार सारखे टायर

धानोऱ्याच्या नवल पाटलाला जोडीचं वेड होतं. वेडच म्हणायचं, दुसरा शब्द नाही त्याला. बैल घ्यायचे तर शिंगाला शिंग, वशिंडाला वशिंड आणि रंगाला रंग जुळला पाहिजे. सारंगखेड्याच्या यात्रेत आजूबाजूच्या गावचे लोक त्याला मुद्दाम बरोबर न्यायचे. "पाटील, तुम्ही निसतं बोट दखाडा," म्हणायचे. आणि पाटील बोट दाखवायचा ती जोडी खरंच देखणी निघायची. पण हे वेड बैलांपाशी थांबेल तर ना! धाकट्या भावाची नवरी त्याच्यापेक्षा बोटभर उंच निघाली, तर हा बाबा अक्षता पडेपर्यंत कुरकुरत होता.

त्याच्या दाराशी हौश्या आणि मोत्या उभे असत. दोन्ही पांढरेशुभ्र, एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा. हौश्या जरा मारका होता. "आबा, याची नजर चांगली नही शे," असं पोरगा लोटन म्हणाला होता, पण पाटलानं ऐकलं नाही. तालुक्यात दुसरी अशी जोडी दाखव, म्हणाला, मग बोल.

दुसरी मोठी लढाई संपली आणि देवळालीच्या लष्करी लिलावात जुन्या जीपगाड्या निघाल्या. त्या सालात कापसानं हात दिला होता. लोटनला मोटारीचा भारी नाद होता, उतारू नेणाऱ्या एका सर्व्हिस मोटारीवर कामाला राहून तो गाडी चालवायला शिकलाही होता. एकुलता एक पोरगा हट्टाला पेटला आणि धानोऱ्यात जीप आली. लोटननं बापालाही थोडी चालवायला शिकवली. शेतातल्या शेतात, सरळ रेषेत, तेवढीच. गाडी इमानी होती, पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा तेवढा मोडका होता, ओढायची ती मागचीच चाकं. पण तिचे टायर झिजून पार टकले झाले होते.

म्हणून चैतात तिघं तळोद्याला गेले. सुंदरबाई, पाटलाची बायको, गाडीची हौस म्हणून बरोबर निघाली होती. वाटेतलं तापीचं पात्र कोरडं होतं. तळोद्यात गौतमचंद शेठचं दुकान होतं. शेठ मूळचा मारवाडचा, त्याच्याकडे लष्करी मोडीतला माल यायचा. त्यानं दोन प्रकारचे टायर पुढे ठेवले. एक, चार टायरांचा संच. लढाईच्या आधीपासून कागदात गुंडाळून ठेवलेला, काळाभोर, तुकतुकीत, बारीक नक्षीचा. दुसरे फक्त दोन. लष्करी गाडीचे, खरचटलेले, पण बोटबोट खोल दातांचे.

"पाटीलसाब, माल दोन्ही माझाच आहे, मला दोन्ही विकायचाय," शेठ म्हणाला. "पण खरं सांगू? हे चार चांगल्या सडकेचे. तुमच्या काळ्या जमिनीत यांची नक्षी चिखलानं भरेल, मग चाक नुसतं जागेवर फिरेल. हे दातेरी चिखल फेकून देतात. हे दोन मागे लावा, यांतले दोन पुढे."

लोटन वाकून त्या दातांत बोटं घालून बघत होता. "आबा, शेठ खरं सांगी ऱ्हायनात. हाई दोन मांगे लावूत. काया चिखलमा तेच कामले येतीन."

पाटलाचं तोंड कडू झालं. "मांगे एक आन पुढे एक? लोक हासतीन मन्हावर. नवल पाटीलनी गाडीले विजोड चाकं!"

"लोक काय चाकं देखाले येतस?" सुंदरबाई फटकन म्हणाली. "गाडी पोऱ्या चालावस, त्याले इचारा ना."

"तू गप. जोडी मी पारखस का तू?"

झालं. पुढे कोण बोलणार? चार सारखे टायर गाडीला लागले. येताना तापीच्या वाळूतून गाडी झक्कास निघाली. पाटलानं मांडीवर थाप मारली, "देखं का? कशी पळी ऱ्हायनी!" सगळा उन्हाळा गाडी तशीच पळाली. वाटेत कोणी भेटला की पाटील उतरून टायरांवरची धूळ उपरण्यानं पुसायचा. लोटननं पुन्हा तो विषय काढला नाही. बापाशी वाद घालणारा पोरगा नव्हताच तो.

मग पाऊस लागला. श्रावण सरला आणि पोळा आला.

धानोऱ्यात पोळा म्हणजे पाटलाचा दिवस. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळायचे, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणायचं, आणि पोळ्याला बैलाच्या खांद्यावर काडीसुद्धा ठेवायची नाही. हा नेम गावात सगळेच पाळायचे, पण पाटील तो दरसाल वेशीत उभा राहून ओरडून सांगायचा. "आज ज्याना बैलवर जू दिसी, त्यानी मन्हा आंगनमा पाय ठेवू नही!" मिरवणुकीत पहिली जोडी त्याची असायची. सगळ्यांत शेवटी चालायचा त्याचा सालदार बाज्या भिल, आपल्या एकट्या तांब्या बैलाला घेऊन. तांब्या बुटका, तांबूस, एका शिंगाचा. बाज्या त्यालाही सजवायचा. "जोडी नही तं मिरवाले कशाले येस?" असं पाटील त्याला एका पोळ्याला भर गावात बोलला होता. बाज्या हसला होता आणि पुढच्या साली तसाच शेवटी येऊन उभा राहिला होता.

त्या दिवशी सकाळपासून रिपरिप चालू होती. अंगणात लोटन हौश्याच्या शिंगांना हिंगूळ लावत होता. तेवढ्यात गल्लीतून ढोल आला, दणदणत, अगदी जवळ. हौश्या बुजला. त्यानं मान खाली घेतली आणि झटक्यात वर केली. शिंग लोटनच्या मांडीत शिरलं. तो खाली बसला, आणि जखमेतून रक्त असं उसळलं की सुंदरबाईच्या हातातलं ओवाळणीचं ताट जागीच सुटलं.

हौश्या दावं तोडून रानात पळाला. बाज्यानं पोळ्यासाठी आणलेला नवा कासरा जखमेच्या वर आवळला, काडी घालून पिळला, तेव्हा कुठे रक्त थांबलं. पायाचा रंग मात्र हळूहळू उतरायला लागला.

"नंदुरबारले न्या," सुंदरबाई म्हणाली. "डॉक्टरीनबाईकडे. उठा!"

चालवणारा तर मागच्या बाकावर आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेला. पाटील स्वतः बसला गाडी चालवायला. गाडी सुरू झाली. बाज्या बाजूच्या फळीवर उभा राहिला. गावाबाहेर निघाले आणि नाल्याच्या उतारावर आले. एरवी तिथं फक्त ओल असायची, त्या दिवशी काळ्या मातीचा खिचडा झाला होता. पाटलानं बैलाला चाबूक ओढावा तसा पाय दाबला. गाडी पुढे सरकली, तिरकी झाली, आणि बसली.

मागची चाकं गरगर फिरत होती. पाटील उतरून बघतो तर नक्षी कुठेच नाही. चारही टायरांवर मातीचा लेप बसलेला, चारही गुळगुळीत, एकासारखा एक.  शेठचं बोलणं त्याला शब्दन् शब्द आठवलं.

"पऱ्हाट्या आन, बाज्या! गोणपाट आन!" कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या टाकल्या, त्या चिखलात गेल्या. गोणपाट टाकलं, ते चाकानं मागे भिरकावलं. गावातून माणसं धावत आली, त्यांनी खांदे लावले. गाडी हातभर वर यायची आणि दीड हात खाली जायची. पाटील वेड्यासारखा पाय दाबत राहिला. शेवटी इंजिनातून जळका वास आला आणि गाडी बंद पडली ती पडलीच.

"आबा," लोटन मागून म्हणाला. आवाज खोल गेला होता. "पाय लागी नही ऱ्हायना माले. पाय शे ना?"

"शे रे भो, शे!" पाटील म्हणाला, आणि चिखलात गुडघ्यावर बसून रडायला लागला. गावासमोर, पोळ्याच्या फेट्यात.

"रडू नका आते," सुंदरबाई गाडीतून कडाडली. "रडाले जलम पडेल शे. गाडी जुपा! बैलगाडी!"

बरोबरच होतं तिचं. बाजेवर उचलून न्यावं तर माणसं पावलोपावली घसरत होती. लोखंडी धावेचं चाक मात्र चिखल कापत खालच्या मुरमापर्यंत जातं, आणि पाटलाचा जन्म त्या चाकांवर गेला होता. तो उठला. नाल्याच्या काठावर बैल उभे होते, झुली घातलेले, शिंगं रंगवलेले. मिरवणूक जागीच थबकली होती.

"कोनी तरी जोडी द्या रे," तो हात जोडून म्हणाला.

कुणी हललं नाही. माणसं वाईट नव्हती हो. पोरगा सगळ्यांच्याच अंगाखांद्यावर खेळलेला. पण पोळ्याला जू? एका म्हाताऱ्यानं मान खाली घालूनच म्हटलं, "पाटील, तुम्हीच सांगतस ना दरसाल. गावले काही व्हयनं तं?"  आपल्याच शब्दाचा फास आपल्याच गळ्याला लागला होता.

"मन्हा मोत्याले लई या," तो म्हणाला. "पाप लागी तं माले लागो."

मोत्या होता, पण जोडीदार रानात पळालेला. पाटलानं वळून पाहिलं. सगळ्यांच्या मागे, एका शिंगाला कागदी फूल बांधलेला तांब्या उभा होता.

"बाज्या, तुन्हा तांब्या दे."

बाज्या घोटाभर चिखलात उभा होता, हात रक्तानं भरलेले. तो एकदा तांब्याकडे आणि एकदा जीपकडे बघत राहिला. "मन्हा एकच शे, पाटील," तो हळूच म्हणाला. "आन आज पोया शे."

"माले माहीत शे. मी तुन्हा पाया पडस, बाज्या."

आणि खरंच वाकला तो. बाज्यानं त्याला मध्येच धरलं, आणि जाऊन तांब्याच्या अंगावरची झूल काढली.

गाडी आली, बाज टाकली, लोटनला निजवलं. जू ठेवलं तर ते एका बाजूला कलंडलं. मोत्या उंच, तांब्या बुटका. विजोड जोडीचं जू कलतं, गाडी ओढ खाते, आतल्याला हिसके बसतात, हे पाटील जन्मभर लोकांना सांगत आला होता, आणि ते खोटं नव्हतं. प्रत्येक हिसक्याला लोटन कण्हत होता. बाज्यानं फेटा सोडला, घडी करून तांब्याच्या मानेवर ठेवला. तरी जू कललेलंच राहिलं. मग तो तांब्याशेजारी जाऊन जुवाखाली आपला खांदा देऊन चालू लागला. तसाच चालला, नंदुरबारपर्यंत, पाच-सहा कोस, पावसात. पाटील दुसऱ्या बाजूनं मोत्याचा कासरा धरून चालत होता. मध्येमध्ये "लोटन!" म्हणून हाक मारायचा. "हां, आबा," असं उत्तर यायचं. पुढे पुढे सुंदरबाईच उत्तर द्यायला लागली, "शे, चाला तुम्ही."

दवाखान्याच्या पायरीशी गाडी लागली तेव्हा दिवे लागले होते. डॉक्टरीणबाईंनी कासरा पाहिला, पाय पाहिला, नखं दाबून पाहिली.

"कधी बांधलं हे?"

"सकायले," पाटील म्हणाला.

बाईंनी कासऱ्यावरचा हात काढला. "बांधलं म्हणून जीव राहिलाय. पण फार वेळ गेला हो. पाय मेलाय. दुपारपर्यंत आला असता तर कदाचित... आता पाय ठेवला तर पोरगा जाईल. मांडीपासून काढावा लागेल. बोला लवकर, मला थांबता येणार नाही."

 बावीस वर्षांचा पोरगा. यात्रेत बापाच्या पुढे पुढे धावणारा. बापानं हजारदा कौतुकानं बघितलेले ते दोन पाय. दुपारपर्यंत. जीप नाल्यातून निघाली असती, तर दुपारच्या आत पोचला असता. तो भिंतीला हात लावून उभा राहिला.

सुंदरबाई दारातून पुढे आली. लुगडं रक्तानं माखलं होतं. नवऱ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"काढा, बाई," ती म्हणाली. "विजोड तं विजोड. मन्हा पोऱ्या माले जित्ता जोयजे."

दार लागलं. पाटील भिंतीला धरून धरून बाहेर आला. ओट्यापुढे बाज्या बैल सोडत होता. तांब्याच्या मानेवर कातडं सोललं होतं, आणि बाज्याच्या खांद्यावरही. पाटील आत गेला, दवाखान्याच्या स्वयंपाकिणीकडून वाटीत थोडं तूप आणि हळद मागून आणली. आधी त्यानं तांब्याची मान मळली. मग बाज्याला म्हणाला, "बस." बाज्या संकोचला, पाटलानं त्याला हाताला धरून पायरीवर बसवलं आणि त्याचा खांदा मळायला घेतला. मळता मळता त्याचा हात थांबायचा, तो आतला कानोसा घ्यायचा, आणि पुन्हा मळायला लागायचा.