उघडी देवी

माघातलं धुकं. यमुनेवरून उठलेलं, धुरानं मळलेलं, दिल्लीच्या घुमटांच्या गळ्यात ओल्या गोधडीसारखं लोंबणारं धुकं. त्या धुक्यातून रक्तवर्ण किल्ला हळूहळू उगवला. बुरूज उगवले, कमानी उगवल्या, आणि कमानीकमानीखाली एकेक खाकी वर्दी उगवली.

झुंबरबाईनं किल्ला पाहिलाच नाही. तिनं वर्दी पाहिली.

आणि तिचे दोन्ही हात आपसूक वर आले. तळवे उघडे, बोटं फाकलेली. बघा साहेब, काही नाही. काही नाही घेतलं.

पारध्याच्या पालावरचं लेकरू पाऊल टाकायच्या आधी हे शिकतं. गावात कोंबडी हरवली तरी फौजदाराची गाडी पालावरच येते. ज्यांनी मुलूख लुटले त्यांना संगमरवर मिळाला, कारंजी मिळाली, नावाची पाटी मिळाली. ज्याच्यावर कोंबडीचा आळ आला त्या झुंबरच्या बापाला पाठीवर पट्टा मिळाला.

"आये, हात खाली घे ना. लोक बघत्यात."

"बघू दे की. बघावं म्हनूनच वर धरलेत."

रविना, तिची लेक, कपाळाला हात लावून हसली. उद्यापासून ती इथल्या मोठ्या इस्पितळात नर्स होणार होती, पालावरची पहिलीच. रुजू व्हायच्या आधी आईला राजधानी दाखवायची, एवढी एकच तिची हौस. आणि आईच्या काळजात एकच धास्ती, काट्यासारखी रुतलेली: आज आपल्यावर आळ आला, तर उद्या लेकीच्या शुभ्र गणवेशावर डाग. कुठं बोट लावू नको, झुंबरे. भिंतीलासुद्धा नको.

दुपारी संग्रहालय. शीतल, निःशब्द, स्फटिकस्वच्छ. काचेमागे काच, काचेमागे काळ. नर्तकीचा कांस्यदेह, राण्यांचे रत्नहार, शिरविहीन यक्षिणी. झुंबरबाई दालनांच्या मधोमध चालली, दोन्ही बाजूंच्या काचांपासून सारखीच लांब, तळवे उघडे. मागून पहारेकऱ्याचे बूट वाजत होते. ती थांबली की थांबत होते.

मग शेवटचं दालन. काळी मखमल. तिच्यावर तळहाताएवढी चांदीची पातळ पत्री, आणि पत्रीवर ठोकून उठवलेली देवी.

झुंबरबाई जागीच थांबली.

तिच्या बापाच्या पालात अशीच देवी होती. लाल फडक्यात गुंडाळलेली, फडकं पेटीत, पेटी बापाच्या उशाशी. परक्याची नजर पडू द्यायची नाही. बायकांनी शिवायचं नाही. वर्षातून एकदा, एका दिव्याच्या सोनपिवळ्या थरथरीत, तिनं दुरून पाहिलेली. मग एकदा धाड आली आणि चोरीची चांदी म्हणून ते गाठोडं घेऊन गेली. बाप लंगडत परत आला. देवी आली नाही.

"काय लिवलंय गं?"

"लोककला. चांदी." रविना अडखळली. "भेट मिळाली, असं लिवलंय."

"भेट." झुंबरबाईनं तो शब्द चघळला आणि थुंकी गिळली.

"आये... आपलीच का ही?"

"कुनाची का असंना. उघडी हाये."

उघडी. पांढऱ्याफेक दिव्यांखाली, हजार परक्या डोळ्यांखाली, फडक्याविना, काळोखाविना उघडी. समोर देवीचा कोप, पाठीमागे वर्दीचा कोप. आणि जे हात उभ्या आयुष्यात कशाला लागले नव्हते, ते पुढं झाले. दोन्ही तळवे काचेवर टेकले, नेमके देवीवर.

शिट्टी वाजली. दालनभर माना वळल्या.

"ए अम्मा! शीशा छोड़ो! क्या निकाल रही हो?"

"रविना, लांब हो." झुंबरबाई पुटपुटली. "जा पोरी. ही माझी कुनी न्हाई, म्हन."

लेकीची पावलं हलली. बरं झालं, आईच्या मनात आलं. आणि त्याच क्षणी तिच्या आत काहीतरी तुटलं.

पण पावलं गेली नाहीत. ती वळसा घालून दुसऱ्या बाजूला आली. आईच्या राठ, भेगाळ हातांशेजारी दोन कोवळे हात काचेवर टेकले. उद्या ज्यांनी नाडी धरायची ते हात.

"मेरी माँ है," रविना म्हणाली. आवाज फाटलेला, पण सबंध दालनात गेलेला.

बूट जवळ येत होते. एक जोडी, मग दुसरी. मायलेकींनी कपाळं काचेला लावली. काच हिमासारखी गार. भ्यालेले, धापलेले, ऊन ऊन श्वास तिच्यावर पडत राहिले, आणि काचेवर धुकं चढत गेलं; आधी पावलांवरून, मग कमरेवरून, मग उघड्या मुखावरून. बूट पाठीशी येऊन थांबले तेव्हा देवी कुणालाच दिसत नव्हती. तिच्यावर पदर होता. श्वासाचा, पांढरा, थरथरता पदर.