लिंबाखालची लादी

मी एक जुनी मातीची लादी आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगते, माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. जन्मभर लोकांच्या पायांखाली राहिले आहे. माणूस तोंडाने खोटे बोलतो, पण पाय खरे सांगून जातात.

ग्रानादाच्या तळ्याकाठच्या मातीतून मला थापले, भट्टीत भाजले आणि दोरोतेआबाईंच्या परसात लिंबाखाली बसवले. रोज सकाळी बाई मला बादलीभर पाण्याने धुवायच्या. पाहुणे म्हणायचे, "काय गार वाटतं हो इथं." बाईंची लेक नूबिया माझ्यावरच रांगली. मोठी झाल्यावर ती कामासाठी सीमेपलीकडे कोस्टा रिकाला गेली, आणि माझ्यावर शेवाळ चढले.

यंदा तिचा फोन आला. बाळाला घेऊन येते, त्याआधी परस नवे करून घे. गुळगुळीत पांढऱ्या फरश्या, मध्ये कारंजे, वर मांडव. मला लगेच संशय आला, पोरीला घराची लाज वाटू लागली.

सेवेरो मिस्त्री नमुने घेऊन आले. "ही पांढरी पावसात घसरते, बाई. खडबडीत दगड घ्या. आणि कारंजं कशाला, डास पोसायला?"

"दगड घाला, कारंजं नकोच. पण लिंबाखालच्या लादीला हात लावायचा नाही."

"का हो?"

"माझी मर्जी."

मिस्त्रींचे डोळे बारीक झाले. जुन्या परसात कोणी काही जपू लागले, की आमच्या गावाला लगेच पुरलेला सोन्याचा हंडा दिसतो. ते येता-जाता टाचेने मला ठोकून पाहू लागले. बाईही काही कमी नव्हत्या. खुर्ची माझ्यावरच मांडून घेवडा निवडत बसायच्या.

रविवारी बाई चर्चला गेल्या आणि मिस्त्री पहार घेऊन हजर. मेल्याने मला उचकटले, माझा एक कोपरा उडाला. खाली मातीचे बोळके, त्यात चिंधी, आणि चिंधीत वाळलेली नाळ, नूबियाची.

मिस्त्रींनी पहार बाजूला टाकली. आमच्याकडे बाळाची नाळ परसात पुरतात. नाळ घरी असली, की माणूस कितीही लांब गेले तरी परत येते. "माफ कर गं पोरी," ते पुटपुटले आणि मला जपून पुन्हा बसवले.

बाई आल्या. त्यांनी कोपरा पाहिला.

"हे काय?"

"लिंबू पडलं असेल."

"लिंबाने लादी फुटते होय?"

मिस्त्रींनी मान खाली घातली. "बाई, सगळं जागच्या जागी आहे." बाईंनी खुर्ची पुन्हा माझ्यावर ओढली.

नूबिया लेकीला कडेवर घेऊन आली. सगळीकडे नवा दगड, आणि मध्येच मी तुटकी.

"आई, ही एकच कशी ठेवलीस?"

"दगड कमी पडला," बाई म्हणाल्या. पण त्यांचे पाय माझ्यावरून हलेनात. लेक हसेल, ही त्यांना भीती. मला वाटले, झाले, आता मी उकिरड्यावर.

नूबियाने पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढली. "मिस्त्री सगळंच उखडतील, असं वाटत होतं मला. पण ही लादी ठेव, असं फोनवर सांगायची लाज वाटली. तिथं आम्हाला परस नाही, आई. हिची नाळ आणलीय. लादीखाली जागा आहे ना?"

बाई तिथेच बसून रडल्या.

मित्रांनो, परस हवे तसे नवे करा. पण जुनी लादी उचलण्याआधी घरच्या माणसाला विचारा, खाली काय आहे. आता माझ्याखाली दोन बोळकी आहेत, आणि कोणी पहार घेऊन लिंबाकडे आले, की मी अजूनही त्याच्या पायांकडे बघते.