अन्नपूर्णेचं कुंकू

“बस ना आत. किल्ली फिरव,” गुरुदत्त म्हणाले.

अनयनं गाडीचं दार उघडलं आणि आत डोकावून तसाच थांबला. समोर स्टिअरिंगच नव्हतं. सवयीनं तो उजव्या बाजूला गेला होता.

“तिकडून चालवायला देव येणार आहे का?” गुरुदत्त खो खो हसले. “अरे, ही अमेरिकेची गाडी आहे!”

“हॅबिट, बाबा. आणि आधी ते गॅरेजचं दार लावा, प्लीज. माझं नाक गळून पडेल.”

“दार लावून गाडी सुरू करतात होय? धूर कोंडेल. ईडन प्रेरीच्या या थंडीत वाढलास आणि एवढंही विसरलास?”

अनय गाडीला वळसा घालून डावीकडे बसला. बाहेर अंगणात कमरेएवढा बर्फ साचलेला. अशा थंडीतही गाडी पहिल्याच फेरीला सुरू झाली, तेव्हा गुरुदत्तांनी बॉनेटवर प्रेमानं थाप मारली. दर रविवारी पूजा आटोपली की ते लेकाची ही गाडी सुरू करायचे, थोडी फिरवून आणायचे. टायरमध्ये हवा, टाकीत पेट्रोल, सगळं जिथल्या तिथं. कंपनीनं अनयला ऑस्ट्रेलियाला पाठवलं ते तीन वर्षांसाठी. येत्या जूनमध्ये ती संपत होती. माणसं परत यायची आणि त्यांची गाडी गॅरेजमध्ये मेलेली असायची, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं.

“जूनमध्ये आलात की डायरेक्ट चालवायची,” ते म्हणाले.

 ऑफिसच्या मीटिंगसाठी म्हणून अनय एकटाच पाच-सहा दिवसांसाठी आला होता. स्टिअरिंगवर हात ठेवून तो नुसता समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. तिथं खिळ्याला त्याच्या लेकीचे, हिमानीचे नवे आइस स्केट्स टांगलेले होते. पाय वाढला असेल म्हणून गुरुदत्तांनी मोठ्या मापाचे आणले होते.

दुपारी चारला फोन वाजला. ही वेळ ठरलेली. इथली दुपार म्हणजे ॲडलेडची दुसऱ्या दिवशीची सकाळ. नात शाळेत जायच्या आधी न्याहारी करायची आणि आजोबा तिला कीर्तनातली एखादी गोष्ट सांगायचे. गुरुदत्त पेशानं इंजिनिअर. पण निवृत्तीनंतर त्यांनी अंगरखा शिवून घेतला, उपरणं घेतलं आणि देवळात, कुणाच्या घरी, जिथं बोलावतील तिथं कीर्तन करायला उभे राहू लागले. आवाज बेताचाच होता. पण पत्नी रेखाताई पुढ्यात झांजा घेऊन बसत आणि त्यांच्याकडे बघितलं की यांचा सूर लागे. मुलं तिकडे गेली त्याच वर्षीच्या हिवाळ्यात रेखाताई गेल्या. तेव्हापासून चारचा हा फोन हेच त्यांचं नित्याचं कीर्तन, आणि टोस्ट खाणारी हिमानी ही त्यांची सभा.

त्या फोनमधूनच त्यांनी तिकडचा संसार पाहिला होता. पहिल्या वर्षी हिमानी शाळेत ‘ती अमेरिकन मुलगी’ होती. उन्हाची टोपी नसेल तर मधल्या सुट्टीत खेळायला सोडत नाहीत म्हणून ती रडली होती. वसंतात काळेपांढरे पक्षी डोक्यावर झडप घालतात म्हणून सायकलच्या हेल्मेटला प्लॅस्टिकचे काटे लावलेले तिनं दाखवले होते. सून आसावरीनं ऐन उकाड्यात थँक्सगिव्हिंगचा अमेरिकी सण केला, टर्की मिळाली नाही म्हणून कोंबडी भाजली आणि पंख्याखाली बसून सगळे जेवले. यंदा मात्र थँक्सगिव्हिंग कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. गुरुदत्तांनी आठवण करून दिली तेव्हा आसावरी म्हणाली होती, “अय्या, आज होतं का?”

“आजोबा! इज इट स्टिल मायनस?” हिमानीचा चेहरा स्क्रीनवर आला. नाकावर सनस्क्रीनचा पांढरा पट्टा.

“मायनसच आहे, बाळा. तुझा बाप गारठून काकडी झालाय.”

“डॅडी, डिड यू टेल हिम? आजोबा, लुक व्हॉट डॅडी मेड!” आणि तिनं फोन फिरवला.

स्वयंपाकघराच्या बाजूची भिंत. त्यावर लाल लाकडाचा देव्हारा. छोटासा कळस, खाली कुंकवाच्या डबीसाठी खण, घंटेसाठी आकडा, अगदी सगळं. आत देवाचा एक फोटो टेकवून ठेवलेला. बाकी देव्हारा रिकामा.

“हिमानी, शूज घाल आधी!” मागून आसावरीचा आवाज आला. ती घाईघाईनं समोर आली. “बाबा, कसे आहात? अहो, ते... अनयला सुतारकामाचं वेड लागलंय सध्या.”

“सुरेख झालाय,” गुरुदत्त म्हणाले. “तोंड पूर्वेला आहे ना?”

“हो, बाबा.”

“मग झालं तर.”

त्या दिवशी गोष्ट झाली नाही. हिमानीला शाळेला उशीर होत होता.

फोन ठेवल्यावर गुरुदत्त चहा टाकायला उठले. रेखाताईंशी लग्न करून ते या देशात आले, तेव्हा भाड्याच्या दोन खोल्यांत त्यांचे देव सुटकेसच्या झाकणात बसलेले असत. घरमालक भिंतीला खिळा मारू द्यायचा नाही. हे घर घेतलं त्या दिवशी सामान लावायच्या आधी त्यांनी ड्रिल हातात घेतलं होतं, आणि रेखाताई म्हणाल्या होत्या, “आता देवांना कळलं, आपण कुठे राहतो ते.”

भाड्याच्या भिंतीला कुणी देव्हारा ठोकत नाही. चहा उतू गेला तेव्हा ते भानावर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूजेला बसले. वेळा उलट्यापालट्या झाल्यामुळे अनय कधीचाच जागा होता. तो येऊन मागं टेकून बसला, लहानपणी बसायचा तसा. ताम्हनात बाळकृष्ण, खंडोबाचा चांदीचा टाक आणि पितळेची अन्नपूर्णा. टाक गुरुदत्तांच्या आईनं सांगलीहून निघताना दिलेला, तांदळाच्या पुरचुंडीत खुपसून. अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण रेखाताईंच्या माहेरचे. लग्नात त्यांच्या ओटीतून आलेले. अन्नपूर्णेच्या हातातल्या पळीच्या खाचेत, नाकाच्या कडेला, आसनाच्या पाकळ्यांत वर्षानुवर्षांचं कुंकू बसलं होतं. रेखाताई रोज लावायच्या त्यातलं. त्या गेल्यावर गुरुदत्त देवी घासत नसत; नुसतं पाणी घालून अलगद टिपून घेत.

“घर कधी घेतलंत?” त्यांनी मागं न बघता विचारलं.



“नोव्हेंबरमध्ये,” अनय म्हणाला. “बाबा, आय वॉज गोइंग टू टेल यू. त्यासाठीच आलो. मीटिंग वगैरे काही नाही.”

“ते कळलं मला. ऑफिसात जायचे कपडे कुठे आणलेस तू?”

“हिमानीचं तिकडे छान चाललंय, यार... सॉरी, बाबा. आसावरीला हॉस्पिटलनं पर्मनंट केलंय. मी रोज ठरवत होतो, आज फोनवर सांगू. मग तुम्ही गोष्ट सुरू करायचात.”

गुरुदत्तांनी गंध उगाळायला घेतलं. सहाणेवर खोड फिरत राहिलं.

“तुम्ही पण चला ना. कायमचे.”

“तुझ्या त्या देशात व्हिसासाठी म्हाताऱ्या आईबापांची रांग किती लांब आहे, चौकशी केलीय मी. रांगेत उभं राहायलासुद्धा आयुष्य उरावं लागतं.”

“मग व्हिजिटर म्हणून. उन्हाळ्यात.”

“येईन की. पण पाहुणा म्हणून येईन, अनय. आणि तुझ्या आईच्या अस्थी इथल्या नदीत आहेत. तिला सोडून मी कुठे जाऊ?”

अनयचे डोळे भरून आले. गुरुदत्तांनी पूजा पूर्ण केली, आरती केली, तीर्थ त्याच्या हातावर घातलं.  देव्हारा कशासाठी रिकामा ठेवलाय, हे अनयनं सांगितलं नाही आणि गुरुदत्तांनी विचारलं नाही. दोघांनाही ठाऊक होतं. मागण्याचं धाडस एकाला होत नव्हतं, आणि दुसऱ्याला हे देव सोडवत नव्हते. एवढं एकच तर उरलंय माझ्याकडे, ते मनाशी म्हणत होते. गाडी घ्या, नात घ्या, जून महिना घ्या. हे कशाला?

शनिवारी प्रतापरावांच्या बेसमेंटमध्ये कीर्तन होतं. प्रतापराव म्हणजे निवृत्त हार्टचे डॉक्टर. पेटी वाजवायचे आणि गुरुदत्तांना घरचा आहेरही द्यायचे. वीसेक माणसं सतरंजीवर आणि खुर्च्यांवर बसली होती. गुरुदत्तांनी नेहमीचं आख्यान लावलं. नदीकाठी एक गाव, गावात देऊळ. एका पुरात नदीनं पात्र बदललं. गाव पलीकडे सरकलं, देऊळ अलीकडेच राहिलं, आणि देवळात एकटा गुरव. तो रोज घंटा वाजवी, पलीकडून माणसं हात जोडत. शेवटी देवाला दया येते, नदी आपल्या जुन्या पात्रात परत जाते, आणि सगळे जयजयकार करतात. त्यांनी हे शंभरदा सांगितलं होतं.

आज ते नदीपाशी आले आणि थांबले. पेटीनं सूर धरून ठेवला. अनय मागच्या खुर्चीत मान खाली घालून बसला होता. गुरुदत्तांची नजर सवयीनं पुढ्यात गेली. झांजा वाजवणारी जागा रिकामी होती.

“तर महाराज,” ते हळूच म्हणाले, “नदी काही वळली नाही. नद्या कुठे वळतात? गुरवानं एक दिवस देव डोक्यावर घेतला. छातीएवढ्या पाण्यातून पलीकडे गेला. देव गावात नेऊन दिला. आणि परत आला.”

सभेला कळेना, जयजयकार करायचा की नाही. प्रतापरावांनी पेटी बंद करत विचारलं, “देव तिकडे, गाव तिकडे. हा बाबा परत कशाला आला?”

“देऊळ झाडायला,” गुरुदत्त म्हणाले.

लोक हसले. अनय हसला नाही.

घरी येताना गाडीत तो म्हणाला, “बाबा, एक तरी तुमच्यापाशी ठेवा. आईची अन्नपूर्णा ठेवा.”

“देव वाटून घ्यायला आपण काय भाऊ-भाऊ आहोत?” गुरुदत्त म्हणाले. “आणि अन्नपूर्णेला इथं मी नैवेद्य काय दाखवतो, माहिती आहे? ओट्स. ती बिचारी कंटाळली असेल. जिथं पोर जेवते तिथं तिनं असावं.”

रविवारी आसावरीनं फोनवर चाचरत सांगितलं, “बाबा, इथं कस्टमवाले फार कडक आहेत. तांदूळ, सुपारी, हळकुंड, फूल, काहीच नको. देवांना पण काही चिकटलेलं नको. स्वच्छ घासून द्याल? सॉरी हं.”

“सॉरी कसलं? देश त्यांचा, नियम त्यांचा.”

त्यांनी चिंच भिजवली आणि सिंकपाशी उभे राहिले. टाक चटकन उजळला, बाळकृष्णही. अन्नपूर्णा त्यांनी शेवटी घेतली. अनय म्हणाला, “द्या, मी घासतो.” त्यांनी मान हलवली. मऊ ब्रशनं त्यांनी आधी पाकळ्या घासल्या, मग पळीची खाच, मग नाकाची कड. पाणी आधी गुलाबी आलं, मग फिकट, मग नितळ. तरी कपाळावर एक बारीक तांबडी रेघ राहिलीच. ती त्यांनी अंगठ्यानं पुसली. रेखाताईंच्या हातचं शेवटचं कुंकू सिंकच्या जाळीतून खाली गेलं. त्यांनी नळ बंद केला नाही. जरा वेळ तसाच वाहू दिला.

रेखाताईंच्या जुन्या, मऊ झालेल्या पातळाच्या तुकड्यात देव गुंडाळले. सोमवारी विमानतळावर अनय वाकून पाया पडला. हँडबॅग त्यानं खांद्याला न लावता छातीशी धरली होती.

“गाडी विकून टाका, बाबा,” तो म्हणाला.

“बघू,” गुरुदत्त म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून ते देव्हाऱ्यापुढे बसले. सहाण घेतली, चार थेंब पाणी घातलं, गंध उगाळलं. तळहातावर घेतलं आणि मग वर पाहिलं. मखमलीवर तीन खळगे होते, एक लांबट, दोन गोल. त्यांनी निरांजन लावलं. गंध तळहातावरच वाळलं.

काही दिवसांनी चारला फोन वाजला.

“आजोबा! दे लुक सो शायनी! बट शी हॅज नो रेड,” हिमानी म्हणाली. मागं लाल देव्हाऱ्यात तिघंही नीट बसले होते. “आई सेज तुम्ही शिकवा.”

“आधी हात धुतलेस?”

“येस.”

“आता डबीत बोट बुडव. ते नाही, ते तर कुणाला दटावायचं बोट. हे बघ, करंगळीच्या शेजारचं. हां. थोडंच घे. आता कपाळावर, अलगद, जसं तू झोपलेली असताना आजी तुला लावायची तसं.”

त्यांनी आपलं बोट स्क्रीनपुढे उचललं आणि दाखवलं. हिमानीनं जीभ बाहेर काढून, श्वास रोखून बोट टेकवलं. कुंकू जास्त झालं. नाकाच्या कडेवरून घसरून पळीच्या खाचेत पडलं.

“ऊप्स! पुसू?”

“नको,” गुरुदत्त घाईनं म्हणाले. “पुसू नकोस. राहू दे तिथं.”

मागून आसावरीनं शाळेची हाक मारली. टोपी, डबा, धावपळ, आणि फोन बंद झाला. स्क्रीन काळी झाली. खिडकीबाहेर पुन्हा बर्फ पडू लागला होता. गुरुदत्तांचं बोट अजून तसंच हवेत उचललेलं होतं, कुणाच्या तरी कपाळाच्या उंचीवर.