फुलावर आलेला सांबार

गावात मंडईची वार्षिक जत्रा होती, आणि नेमका शकुनबाईंच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या भाजीच्या वाडीत, सांबार फुलावर आला होता. पुण्या-मुंबईकडे ज्याला कोथिंबीर म्हणतात तोच हा. दिवाळीनंतरच्या मंडईला पाहुण्यांच्या पानात सांबारवडी पडली नाही तर वर्षभर बोलणी खावी लागतात, आणि वडीला सांबार लागतो कोवळा. घरची वाडी असून शकुनबाईंना तो मोहाडीच्या बाजारातून आणावा लागला होता.

गुन्हेगार घरातलीच होती. सून कीर्ती, वरठीची, लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. तिनं वालाच्या वेलांमध्ये हट्टानं सांबार पेरला आणि मुद्दाम फुलू दिला. त्या फुलांवर येणारे किडे वालावरचा मावा खातात म्हणे. मावा राखेनं जातो, असं शकुनबाईंनी तिला ठणकावून सांगितलं होतं. खरं तर तो दरवर्षी राखेला जुमानत नसे, पण हे सुनेला कशाला सांगा?

त्यात आज कीर्तीची आई पहिल्यांदाच मंडईला येणार होती. फुलावर गेलेला सांबार म्हणजे घरातल्या बायका आळशी, हे इकडे लहान लेकरालाही कळतं. विहिणीपुढं नाक कापून घेण्यापेक्षा वाफाच साफ केलेला बरा, असं ठरवून शकुनबाईंनी पदर खोचला आणि कुणाला न सांगता वाडीत शिरल्या.

तीन रोपं उपटली. चौथ्याला हात घातला तर तळहातावर लाल, काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा चढला. मागोमाग दुसरा. फुलांवर तर त्यांची मंडईच भरली होती. शकुनबाईंनी वालाचा शेंडा उलटून पाहिला. हिरवागार, एक मावा नाही. कुंपणापलीकडे शेजारणीचे वाल राख फासूनही काळे पडले होते. शकुनबाईंना इतका आनंद झाला की सून जिंकली हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. मग आलं, आणि त्या उपटलेली रोपं घाईघाईनं पुन्हा मातीत खोचू लागल्या.

एवढ्यात कीर्ती आईला घेऊन वाडी दाखवायला आली. विहीणबाईंची नजर थेट फुलांवर गेली.

"काहून वो कीर्ती, सांबार फुलावर गेला न तू पाहत राहिली?"

कीर्तीची मान खाली गेली. खाली पाहताना तिला ती तीन माना टाकलेली रोपं दिसली, आणि सासूचे मातीनं भरलेले हात.

शकुनबाई उठल्या.

"तिले काही म्हणू नका, इहीनबाई. आमच्या घरी सांबार असाच ठेवतेत."

"कवापासून?"

"आजपासून," शकुनबाई म्हणाल्या, आणि कीर्तीला आईसमोरच हसू फुटलं.