पहिल्या दोन बादल्या

त्या रविवारी आप्पा दुपारभर गच्चीवर उन्हाला बसले होते. मंगल वाळलेले कपडे काढायला वर गेली, तेव्हा सोलरच्या काळ्या नळ्यांकडं बोट करून म्हणाले, "मंगल, तुझी ही शेरडं दिसभर ऊन चरत्यात. पर सकाळच्याला धारंला बसलं की पान्हा चोरत्यात बघ."

मंगल हसली आणि कपडे घेऊन खाली आली. आप्पा गाऱ्हाणं सांगत होते, हे तिला कळलं होतं. महिनाभर कळत होतं.

उंब्रजला घर बांधायला काढलं, तेव्हा पाणी तापवण्याचा प्रश्न तिनं परीक्षेला बसल्यासारखा अभ्यासला होता. विजेचा गिझर वीज खातो, गॅसचा कोंदट न्हाणीत धोक्याचा. उन्हावरचा सोलर सगळ्यांत बरा. ती शिकवायची त्या कॉलेजात इतरांनाही हेच पटवून द्यायची. त्यातच एक दिवस आप्पा माण तालुक्यातल्या गावाहून तांब्याचा बंब घेऊन आले. चिंचेनं घासून लख्ख केलेला, पोत्यात बांधून एसटीनं आणलेला.

"आभाळ आलं की तुझं सोलार बसंल गप. तवा ह्यो कामाला यील. मागल्या अंगाला ठिवू."

इंजिनियरची हरकत नव्हती. मागं दोन पत्रे टाकून देतो, म्हणाला. पण मंगलच्या डोळ्यांपुढं वास्तुशांतीला येणारी कॉलेजातली माणसं उभी राहिली, आणि मागच्या दारी मुंडासं बांधून उकिडवा बसलेला, बंबात गोवऱ्या सारणारा, धुरानं खोकणारा बाप.

"इंजिनियर नको म्हणतात, आप्पा," तिनं सांगितलं. "स्लॅबच्या घराला धूर चालत नाही."

"मग ऱ्हाऊ दे. त्यातलं त्यांस्नीच कळतं." दुसऱ्या दिवशी आप्पा बंब पोत्यात घालून आल्या वाटेनं परत घेऊन गेले.

दिवाळीनंतर आप्पा आणि आई हरणाबाई मंगलकडं राहायला आले. त्यांची न्हाणी खालच्या मजल्यावर, अगदी मागं. गच्चीवरच्या टाकीतलं गरम पाणी तिथवर पोचेस्तोवर दोन बादल्या गार पाणी जायचं. "ते सोडून द्यायचं, आप्पा," मंगलनं पहिल्याच दिवशी नळ दाखवून सांगितलं होतं. आप्पांनी मान डोलावली. पण उन्हाळ्यात शेरडामेंढरांमागं पाण्यासाठी गावंच्या गावं पालथी घातलेल्या माणसानं गटारात दोन बादल्या सोडायच्या कशा? न्हाणीत बादली एकच होती. जे पाणी पहिलं यायचं, त्यानंच ते अंघोळ करत. डिसेंबरच्या थंडीत न्हाणीच्या काचेवर वाफ धरत नाही, हे मंगलनं स्वयंपाकघरातून रोज पाहिलं. विचारलं असतं तर बंबाचा विषय निघाला असता. म्हणून विचारलं नाही. आणखी दोन बादल्या ठेवल्या असत्या तरी भागलं असतं.

त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी, आप्पा अंघोळ करून आले, देवापुढं हात जोडायला बसले, ते उठलेच नाहीत. हृदय आधीच थकलेलं होतं, हे कधीही झालं असतं, असं डॉक्टर म्हणाले. मंगलनं ते वाक्य घट्ट धरून ठेवलं, पण त्या वाक्यानं तिला सावरलं नाही.

दहाव्या दिवशी जेवणं उरकून भावकी पोर्चमध्ये सतरंजीवर टेकली. आप्पांचे चुलतभाऊ धुळा चुना मळत म्हणाले, "आप्पा पयल्यापास्नं हेकटच. एकदा न्हाई म्हनला की बिरोबा देव आला तरी न्हाई."

"व्हय की," शालूआत्या म्हणाली. "पोरीनं गरम पाण्याचं एवढं सुख केलं, आन् ह्यो बाबा थंडीत गार पाण्यानं न्हायला!"

"मी रोज म्हनायची, आवं, सोडा की ते पानी," हरणाबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाली. "तर म्हनायचे, अगं, एवढ्या पाण्यावं धा शेरडं जगत्यात."

दोघंतिघं हसली. रडून थकलेली माणसं हसतात तसं. धुळाकाका मंगलकडं वळले. "तुझा काय दोष न्हाई, पोरी. तू बापासाठी लय केलंस. सुख घ्यायला बी नशीब लागतं."

सगळ्यांनी माना हलवल्या. आता मंगलनं नुसतं खाली बघितलं असतं तरी पुरे होतं. आप्पा कायमचे हेकट ठरले असते आणि ती गुणाची लेक. तिनं आईकडं पाहिलं. आईनं कौतुकानं तिच्या पाठीवर हात ठेवला होता. तो हात तिला सोसेना.

"आये," ती म्हणाली. "आप्पा हेकट नव्हते. बंब ठेवा म्हणून ते स्वतः घेऊन आले होते. इंजिनियर नको म्हणालाच नव्हता. मी खोटं सांगितलं. चार लोकांत मला आप्पांची लाज वाटत होती."